पर्गम आणि थुवतीरा : तडजोडीला शिकवणीचे रूप येते तेव्हा

नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ ह्या अखेरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत आशियातील सात ख्रिस्तसभांना उद्देशून लिहिलेली सात पत्रे आहेत. येथे ‘आशिया’ म्हणजे आजचे खंड नव्हे, तर त्या नावाचा रोमन प्रांत, अर्थात आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग होय. पात्म बेटावर योहानाला झालेल्या दर्शनात प्रभू येशूने ही पत्रे सांगितली, अशी ग्रंथाची मांडणी आहे. संत इरेनियस ह्यांच्या साक्षीनुसार हे दर्शन सम्राट डोमिशियन (इ. स. ८१-९६) ह्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस घडले. बहुसंख्य अभ्यासकही ग्रंथाचा काळ इ. स. ९५ च्या सुमारास मानतात.

ह्या सातांपैकी पर्गम व थुवतीरा येथील पत्रे भाविकांच्या कानांवर क्वचितच पडतात. सम वर्षी, सामान्य काळाच्या तेहतिसाव्या आठवड्यात, दैनंदिन मिस्सामध्ये इफिसच्या पत्राचा काही भाग तसेच सार्दीस व लावदिकीया यांची पत्रे वाचली जातात. पर्गम व थुवतीरा यांची पत्रे त्या वाचनांत येत नाहीत. परंतु आद्य ख्रिस्ती समूहांत नैतिक तडजोड कशी शिरली आणि खोट्या शिकवणीने तिला आधार कसा पुरवला, हे समजून घ्यावयाचे असेल तर ह्याच दोन पत्रांकडे वळावे लागते (प्रकटी. २:१२-२९).

दोन नगरे, दोन प्रकारची दडपणे

पर्गम (आजचे बेर्गामा) ही एके काळी अटालिड राजघराण्याची राजधानी होती. अटालस तिसरा ह्या राजाने मृत्युपत्राद्वारे आपले राज्य रोमला दिले व इ. स. पूर्व १३३ मध्ये ते रोमच्या हाती गेले. पुढे ऑगस्टस ह्या नावाने प्रसिद्धी पावलेला ऑक्टेव्हियन आणि रोमा देवी यांचे मंदिर उभारण्याची अनुमती इ. स. पूर्व २९ मध्ये ह्या नगराला मिळाली. त्यामुळे पर्गम हे प्रांतातील सम्राटपूजेचे पहिले केंद्र ठरले. डोंगरावर झ्यूस देवाची भव्य वेदी होती. तिचे शिल्पपट आज बर्लिनमध्ये आहेत. नगराजवळ अस्क्लेपियस ह्या आरोग्यदेवतेचे प्रसिद्ध उपचारस्थान होते. पत्रात ह्या नगराला सैतानाच्या आसनाचे ठिकाण म्हटले आहे. तो निर्देश काहींच्या मते झ्यूसच्या वेदीकडे, तर काहींच्या मते सम्राटपूजेकडे आहे. ह्याच नगरात अंतिपा नावाच्या विश्वासू साक्षीदाराने ख्रिस्तासाठी प्राण दिले.

थुवतीरा (आजचे आखिसार) हे राजकीयदृष्ट्या फारसे महत्त्वाचे नगर नव्हते. तरीही सात पत्रांपैकी सर्वांत दीर्घ पत्र त्यालाच लिहिलेले आहे. हे कारागिरांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव होते. तेथे सापडलेल्या शिलालेखांत लोकर व ताग यांचे विणकर, रंगारी, चर्मकार, कुंभार, भटारी आणि तांब्याचे काम करणारे यांच्या संघांचे उल्लेख आहेत. प्रेषितांच्या कृत्यांतील लुदिया ही जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी स्त्री ह्याच नगराची होती (प्रे. कृ. १६:१४). प्राचीन भारतातील व्यावसायिक ‘श्रेणीं’शी ह्या संघांची तुलना करता येईल. संघाचे आश्रयदैवत असे, त्याच्या सन्मानार्थ यज्ञबली होई आणि त्या मांसाचे सहभोजन होई. तेथेच ओळखी वाढत आणि पत निर्माण होई.

पर्गमवर दडपण होते ते राजसत्तेचे. थुवतीरावर होते ते पोटापाण्याचे.

बलाम, निकलाइत आणि ईजबेल

दोन्ही पत्रांत तक्रार एकच आहे : मूर्तींना दाखवलेला नैवेद्य खाणे आणि जारकर्म करणे. जारकर्म हा शब्द काही अभ्यासक शब्दशः घेतात. इतर काहींना जुन्या करारातील संदेष्ट्यांप्रमाणे देवाशी केलेल्या बेइमानीचे ते रूपक वाटते. दोन्ही अर्थांना पवित्र शास्त्रात आधार आहे.

तथापि पत्रांचा रोख केवळ कृतीवर नाही, तर ती कृती योग्य आहे असे शिकवणाऱ्यांवर आहे. पर्गममधील अशा शिक्षकांना बलामाची उपमा दिली आहे. गणना ह्या ग्रंथात बलाम इस्राएलला शाप देऊ शकला नाही (गणना २२-२४). परंतु त्याच्याच मसलतीने इस्राएल लोक पौराच्या प्रकरणात देवाशी बेइमान झाले, असे तोच ग्रंथ पुढे सांगतो (गणना २५, ३१:१६). बाहेरून जे साधले नाही, ते आतून साधले गेले. यहूदाचे पत्र आणि पेत्राचे दुसरे पत्र यांत बलामाचे नाव मोबदल्याच्या लोभाशी जोडले आहे, हेही लक्षणीय होय.

‘निकलाइत’ हा गट नेमका कोणाचा, ह्याविषयी प्राचीन काळापासून मतभेद आहेत. संत इरेनियस त्यांचा संबंध यरुशलेममधील सात सेवकांपैकी अंत्युखियाच्या निकलावाशी (प्रे. कृ. ६:५) जोडतात, तर अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट निकलावाच्या शब्दांचा ह्या लोकांनी विपर्यास केला असे म्हणतात. थुवतीरातील शिक्षिका स्वतःला संदेष्ट्री म्हणवीत असे. पत्र तिला ‘ईजबेल’ म्हणते. अहाब राजाची पत्नी असलेल्या ईजबेल राणीने इस्राएलात बआलपूजेला राजाश्रय मिळवून दिला होता. संदेष्ट्रीचे खरे नाव आपणांस ज्ञात नाही. मात्र तिचे अनुयायी ‘सखोल गोष्टी’ जाणल्याचा दावा करीत, हे पत्रातून कळते.

अर्ध्या सत्याचा आधार

ही शिकवण लोकांना पटली कशी? तिच्यात सत्याचा अंश होता, हे त्याचे उत्तर असावे. साधारण चाळीस वर्षांपूर्वी संत पौलाने करिंथकरांना ह्याच प्रश्नावर लिहिले होते (१ करिंथ. ८-१०). मूर्ती म्हणजे काहीच नव्हे आणि देव एकच आहे, हे ज्ञान करिंथमधील काहींना होते व पौलाने ते नाकारले नाही. बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खावे, कोणी घरी जेवावयास बोलावले तर जे वाढले जाईल ते खावे, असेही त्याने सांगितले. परंतु त्याने दोन मर्यादा घातल्या. आपल्या ज्ञानामुळे दुर्बल बंधूची विवेकबुद्धी दुखावत असेल, तर ते ज्ञान प्रीतीपुढे गौण आहे. तसेच प्रभूच्या मेजावर आणि दैवतांच्या पूजेच्या मेजावर एकाच वेळी सहभागी होता येत नाही.

पर्गम व थुवतीरा येथील शिक्षकांचे युक्तिवाद आपल्यापर्यंत पोहोचलेले नाहीत. परंतु पौलाचे पहिले वाक्य ठेवून त्याच्या मर्यादा गाळल्या, की नेमकी अशी शिकवण तयार होते. ‘मूर्ती काहीच नव्हे, मग संघाच्या भोजनाला बसल्याने काय बिघडते?’ असा प्रश्न त्यातून सहज निघतो. खोटी शिकवण बहुधा नवे असत्य सांगत नाही. ती जुन्या सत्याचा सोयीचा अर्धा भाग सांगते.

येथे क्रमही ध्यानात घ्यावा. मनुष्य भीतीने किंवा गरजेने तडजोड करतो, तेव्हा त्याचे मन त्याला बोचत असते आणि पश्चात्तापाचा मार्ग मोकळा राहतो. परंतु ‘ही तडजोड नव्हेच, ही प्रगल्भ श्रद्धा होय’ असे कोणी त्याला शिकवले, की ती बोचणी नाहीशी होते. दुर्बलतेला क्षमा आहे. दुर्बलतेला सद्गुण म्हणू लागल्यावर क्षमा मागणार कोण?

प्रभूचा निवाडा

दोन्ही पत्रांचा आरंभ कौतुकाने होतो. अंतिपाच्या मरणाच्या दिवसांतही पर्गमकरांनी श्रद्धा नाकारली नाही. थुवतीराकरांची प्रीती, श्रद्धा, सेवा व धीर वाखाणला आहे आणि त्यांची अलीकडची कामे पहिल्यापेक्षा अधिक आहेत असे म्हटले आहे. म्हणजे ह्या ख्रिस्तसभा मृतवत नव्हत्या. छळापुढे न वाकलेली माणसे भोजनाच्या आमंत्रणापुढे वाकली, हा पर्गमच्या पत्रातील बोध आहे.

निवाडा कठोर आहे, पण त्याआधी अवसर आहे. ईजबेलला पश्चात्तापासाठी वेळ दिला होता, असे पत्र स्पष्ट सांगते. जे तिच्या शिकवणीपासून दूर राहिले त्यांच्यावर दुसरे ओझे लादले जात नाही. जवळ आहे तेवढे घट्ट धरावे, एवढेच सांगणे आहे. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या सभेने अन्यजातीय भाविकांवर आवश्यक तेवढेच ओझे घालण्याचा जो निर्णय घेतला (प्रे. कृ. १५:२८-२९), त्याचा प्रतिध्वनी येथे जाणवतो.

ह्याच्या जोडीला इफिसचे पत्र वाचावे. इफिसकरांनी खोट्या प्रेषितांना पारखले होते आणि निकलाइतांचा अव्हेर केला होता. तरीही आरंभीची प्रीती सोडल्याबद्दल प्रभूने त्यांना पश्चात्ताप करण्यास सांगितले. थुवतीरात प्रीती होती, पण पारख नव्हती. इफिसात पारख होती, पण प्रीती ओसरली होती. प्रभूला दोन्ही हवी आहेत. दोष न दाखवलेल्या ख्रिस्तसभा दोनच : स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. पहिली दरिद्री होती आणि दुसरीचे सामर्थ्य अल्प होते.

पुढील काळाची साक्ष

हा प्रश्न काल्पनिक नव्हता, ह्याचा पुरावा शेजारच्या बिथुनिया-पंत प्रांतातून मिळतो. इ. स. ११२ च्या सुमारास तेथील राज्यपाल प्लिनी ह्याने सम्राट ट्रेजनला ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिले. ओस पडत चाललेली मंदिरे आणि गिऱ्हाईक न मिळणारे बळीचे मांस यांचा त्यात उल्लेख आहे. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व द्राक्षारस अर्पण करून आणि ख्रिस्ताला शाप देऊन सुटका करून घेणाऱ्यांचाही आहे. काहींनी तर आपण वीस वर्षांपूर्वीच ख्रिस्ती मार्ग सोडल्याचे सांगितले.

‘डिडाखे’ हे प्राचीन नियमपुस्तक अन्नाच्या बाबतीत झेपेल तेवढे पाळण्याची मुभा देते, परंतु मूर्तींना वाहिलेल्या अन्नापासून कटाक्षाने दूर राहण्यास सांगते. पैसे मागणारा संदेष्टा खोटा समजावा, अशी साधी कसोटीही ते देते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन ह्यांच्या ‘ट्रिफोबरोबरील संवादा’तही हा वाद आढळतो. येशूला मानणारे कित्येक जण मूर्तींचा नैवेद्य खातात, असा आक्षेप ट्रिफो घेतो. त्यांची शिकवण येशूची नव्हे, असे उत्तर जस्टिन देतात. त्याच शतकाच्या आरंभी अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस ह्यांनी आशियातील ख्रिस्तसभांना भोंदू शिक्षकांपासून सावध करून बिशपांशी एकजीव राहण्याचा उपदेश केला. स्मुर्णाकरांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रात ‘कॅथलिक ख्रिस्तसभा’ हा शब्दप्रयोग प्रथम आढळतो.

वाचताना घ्यावयाची काळजी

मराठी बायबलमधील ‘नैवेद्य’ हा शब्द वाचून ह्या पत्रांचा रोख आपल्या अन्यधर्मीय शेजाऱ्यांकडे वळवणे चुकीचे ठरेल. पश्चात्ताप करण्यास सांगितले आहे ते ख्रिस्तसभेच्या सभासदांना. पर्गमच्या वा थुवतीराच्या इतर रहिवाशांना नव्हे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ ह्या घोषणापत्रात शिकवले आहे. त्या शिकवणीला ही पत्रे बाधा आणीत नाहीत. शेजाऱ्याशी स्नेह ही तडजोड नव्हे. नफा, नोकरी किंवा प्रतिष्ठा यांसाठी प्रभूशी असलेली निष्ठा गहाण टाकणे आणि वर त्याला श्रद्धेचेच नाव देणे, ही तडजोड होय. अशा तडजोडीला मूर्ती लागत नाही. दिलेली लाच, चुकवलेला कर किंवा मजुराची अडवलेली मजुरी एवढीही तिला पुरते.

प्रत्येक पत्र एका ख्रिस्तसभेला लिहिलेले असले, तरी प्रत्येकाच्या अखेरीस आत्मा ‘ख्रिस्तसभांना’ काय सांगतो ते ऐकण्याचे आवाहन आहे. शब्द अनेकवचनी आहे. पर्गमचे पत्र स्मुर्णाने ऐकावयाचे होते, थुवतीराचे इफिसाने. आज ती आपल्या धर्मग्रामानेही ऐकावयाची आहेत. मिस्साच्या वाचनांत ती आली नाहीत, तरी घरच्या बायबलमध्ये ती आहेतच. येत्या रविवारी कुटुंबाने एकत्र बसून ती वाचावीत. अठरा वचनांना फार वेळ लागत नाही.