सोन्याचा कस आणि सभागृहाचा कस : हरित प्रमाणपत्रांचा इतिहास

जबलपूरच्या सराफ्यात दागिना हाती घेणारा ग्राहक आज त्यावरील शिक्का पाहतो. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग 2000 साली सुरू केले आणि जून 2021 पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. त्यापूर्वी हे काम कसोटीचा काळा दगड आणि सराफाची नजर यांवर चाले. 22 कॅरटच्या दागिन्यावरील ‘916’ म्हणजे हजार भागांत 916 भाग शुद्ध सोने. हा कस एकदा ठरला की बदलत नाही.

इमारतींनाही असे शिक्के देण्याची प्रथा गेल्या तीन-चार दशकांत रुजली आहे. परंतु चित्रपटगृह, ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, सभागृह अशा दृक्‌श्राव्य वास्तूसाठी कोणता शिक्का घ्यावा, हा प्रश्न सोन्याइतका सरळ नाही. त्याचे कारण या वास्तूंच्या इतिहासातच आहे.

मूकपटांचे चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशावर चाले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ (1923) या मूकपटासाठी कृत्रिम प्रकाशाचा प्रयोग केला, तेव्हा ती नवलाई होती. पुढे 14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. त्याच्या स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने बरेचसे चित्रीकरण गाड्या थांबल्यावर, रात्री करावे लागले. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदाही बोलू लागला.

ध्वनी आला आणि खिडक्या मिटल्या. बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या भिंतींनी वारा आणि उजेडही अडवला. मग हवा खेळती व थंड ठेवण्यासाठी यंत्रे आली. 1933 मध्ये उघडलेले मुंबईचे रीगल हे वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून नावाजले गेले. शांतता आणि अंधार या दोन गरजांची किंमत तेव्हापासून विजेच्या रूपाने चुकवली जात आहे.

हरित प्रमाणपत्रे अवतरली ती मात्र बहुतांशी कार्यालये आणि घरे डोळ्यांपुढे ठेवून. ब्रिटनमध्ये 1990 साली ‘ब्रीम’, तर अमेरिकेत त्या दशकाच्या अखेरीस ‘लीड’ ही पद्धत आली. भारतात 2001 मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली. हैदराबादच्या सीआयआय–सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळाले आणि 2004 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. टेरी संस्था आणि केंद्रीय अक्षय ऊर्जा मंत्रालय यांची ‘गृह’ ही देशी पद्धत आणि ऊर्जा संवर्धन इमारत संहिता या दोन्ही 2007 च्या.

या पद्धतींत नैसर्गिक प्रकाशाला गुण आहेत. स्टुडिओला तो बहुधा बाहेरच ठेवावा लागतो. संहितेचा भर इमारतीचे बाह्य कवच, वातानुकूलन, दिवे व विद्युत यंत्रणा यांवर आहे. प्रक्षेपक, ध्वनिवर्धक, सर्व्हर ही या वास्तूची खरी कामकरी मंडळी त्या चौकटीबाहेर राहतात.

त्यांचा भार किती असू शकतो? समजा, एका सभागृहातील उपकरणे कार्यक्रम नसतानाही 500 वॉट वीज घेतात आणि ती रोज 16 तास तशीच राहतात. दिवसाला 8 युनिट, वर्षाला 2920 युनिट वीज कोणी काही न पाहता-ऐकता खर्च होते. शिवाय या विजेची उष्णता होते आणि ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला आणखी वीज लागते. आराखड्यावर मिळालेल्या शिक्क्यात ही गळती दिसत नाही. सोन्याचा कस टिकतो. इमारतीचा कस रोजच्या वापराने घडतो आणि बिघडतो.

म्हणून निवड करताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, प्रमाणपत्र वापरातील वीज मोजते का? ‘गृह’च्या मूळ 34 निकषांत ऊर्जा लेखापरीक्षण अनिवार्य होते. ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2009 मध्ये कार्यालयांसाठी आणलेली तारांकन योजना तर दर चौरस मीटरमागे वर्षाला प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटांवरच उभी आहे. तो मापदंड सभागृहाने स्वतःच्या नोंदवहीत सहज वापरावा. दुसरी, ध्वनीला त्यात स्थान आहे का? ‘गृह’मध्ये आवाजाच्या पातळीचा निकष आहे, 2014 मध्ये आलेली ‘वेल’ पद्धतही ध्वनीचा विचार करते, पण तिचा केंद्रबिंदू ऊर्जा नसून माणसाचे स्वास्थ्य आहे. तिसरी, वास्तू नवी की जुनी?

सराफ्यासारख्या दाट वस्तीत हा तिसरा प्रश्न निर्णायक ठरतो. ऊर्जा संहितेच्या वर्गवारीत जबलपूर संमिश्र हवामानाच्या विभागात मोडते. तेथे कडक उन्हाळा, दमट पावसाळा आणि गार हिवाळा असे तिन्ही ऋतू सांभाळावे लागतात. चिकटून उभ्या इमारतींत भिंतींची दिशा बदलता येत नाही आणि नवी खिडकी काढण्यास जागा नसते. अशा ठिकाणच्या सभागृहाने नव्या बांधकामाच्या मानांकनामागे धावण्यापेक्षा विद्यमान इमारतींसाठीची, ठरावीक मुदतीने नूतनीकरण मागणारी पद्धत निवडणे शहाणपणाचे. उपकरणांसाठी स्वतंत्र वीजमापक बसवणे, ही त्याची पहिली पायरी.

आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात कार्यक्रम नसलेल्या रात्री किती युनिट जळतात? विद्यार्थ्यांनी एक आठवडा मापक वाचून पाहावा. कोणतेही प्रमाणपत्र निवडण्यापूर्वी तो आकडा हाती असायला हवा.