स्वतःचं शेत पाण्यात सोडणारे रावेन्नाचे मजूर

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग इटलीत घडतो. पण पिझ्झा, पास्ता, चीज यातलं काहीच आज ताटात येणार नाही. आज चिखल आहे, मलेरिया आहे आणि एकचाकी हातगाडे आहेत. आपल्या नगर जिल्ह्यातला एक शिपाईसुद्धा आहे, तो मधेच येईल.

मे २०२३ पासून सुरू करतो. इटलीच्या उत्तरेला एमिलिया-रोमान्या नावाचा प्रांत आहे. फळबागा, गहू, दूध, भाजीपाला, सगळ्यात हा प्रांत पुढे. २०२२ च्या उन्हाळ्यात इथे असा दुष्काळ पडला होता की पो ही इटलीची सगळ्यात मोठी नदी सत्तर वर्षांत कधी नव्हती इतकी आटली. आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा प्रचंड पाऊस झाला. २३ नद्या पात्राबाहेर आल्या, १७ माणसं गेली. पाणी रावेन्ना शहराच्या दिशेने सरकू लागलं. रावेन्ना म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीची मोझेकची चर्चेस असलेलं, जागतिक वारसा यादीतलं शहर.

शहर वाचवायचं तर एका कालव्याचा बांध फोडून पाणी शेतात सोडावं लागणार होतं. ते शेत एका सहकारी संस्थेचं होतं. प्रशासनाने विचारलं, संस्थेने हो म्हटलं. दोनशे हेक्टरांहून जास्त जमीन, म्हणजे पाचशे एकर, उभ्या पिकासकट पाण्याखाली गेली.

ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, मोठ्या मनाचा कोणी श्रीमंत जमीनदार असेल. नाव पाहिलं तर 'कोऑपेरातिवा अग्रिकोला ब्राच्चांती'. ब्राच्चो म्हणजे हात. ब्राच्चांती म्हणजे ज्यांच्याकडे विकायला हातांखेरीज काही नाही ते, आपल्या भाषेत भूमिहीन शेतमजूर. मजुरांच्या संस्थेकडे पाचशे एकर बुडवण्याइतकी जमीन आली कुठून? ही आजची गोष्ट.

चला १८८० च्या दशकात. अमेरिकेहून आणि रशियाहून जहाजं भरभरून स्वस्त गहू युरोपात उतरतोय, इटलीतले भाव कोसळलेत. रावेन्नाच्या आसपासचा प्रदेश सपाट आणि दलदलीचा आहे. इथल्या नद्या अपेनाइन डोंगरातून गाळ घेऊन येतात आणि तो मैदानात टाकतात. पूर नको म्हणून लोक बांध घालतात, गाळ बांधांच्या आत साठतो, नदीचा तळ वर येतो, मग बांध आणखी उंच करावा लागतो. शेकडो वर्षं हेच चालल्यामुळे कित्येक ठिकाणी नदी शेतापेक्षा उंचावरून वाहते. हे डोक्यात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

दलदल उपसून शेतजमीन काढायची कामं सरकार ठेकेदारांना देई. सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला ठेका. कमी बोलीत नफा काढायचा तर काटायची कशाला? मजुरीला. एकचाकी गाड्यावर माती वाहणारे हे मजूर कामासाठी रात्री-अपरात्री पळत यायचे आणि मागे राहिलेल्याला काम मिळायचं नाही, अशा आठवणी तिथे आजही सांगतात. ऊसतोडीच्या टोळ्या ज्यांनी जवळून पाहिल्यात त्यांना मुकादम हा शब्द समजावून सांगायला नको. इटालियनमध्ये त्याला कापोराले म्हणतात.

१८८३ मध्ये रावेन्नात तीनशेच्या आसपास मजुरांनी ठरवलं की ठेकेदार मधे हवाच कशाला, ठेका आपणच घेऊ. पुढाकार घेणाऱ्यांत नुल्लो बाल्दिनी होता, वय अवघं वीस. (माझं विसाव्या वर्षी काय चाललं होतं ते विचारू नका.) ही इटलीतली ब्राच्चांतींची पहिली सहकारी संस्था. काम कमी असलं तर पाळीपाळीने वाटून घ्यायचं, म्हणजे कोणाची चूल पूर्ण विझणार नाही.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८८४ मध्ये, यातले सुमारे पाचशे लोक रोमजवळच्या ओस्तियाला निघाले. तिथली दलदल उपसायचं काम मिळालं होतं. ओस्तिया म्हणजे मलेरियाचं घर. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन: माला आरिया, वाईट हवा. रोग हवेतून येतो असंच तेव्हा मानत. डासाचा संबंध रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादला दाखवला तो १८९७ मध्ये, आणि माणसाचा मलेरिया अ‍ॅनाफिलीस डास पसरवतो हे इटलीच्या ग्रासीने त्याच्या पुढच्या वर्षी सिद्ध केलं. ओस्तियात कुदळ मारणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कित्येक जण तापाने गेले. उरलेल्यांनी चर खणले, कालवे काढले, आणि १८८९ मध्ये पाणी उपसणारे वाफेचे पंप सुरू झाले. आज त्याच जमिनीवरून रोमचे लोक समुद्रकिनारी फिरायला जातात.

इकडे रावेन्नात या संस्था वाढत गेल्या. आधी ठेके, मग सामूहिक खंडाने शेती, मग जमीन खरेदी. काही जमीन त्यांनी स्वतःच दलदलीतून वर काढलेली. जमीनदारांना हे रुचणं शक्यच नव्हतं. जुलै १९२२ मध्ये इतालो बाल्बोच्या फॅसिस्ट टोळ्यांनी रावेन्नात घुसून सहकारी संघाचं मुख्यालय जाळलं. बाल्दिनीला पुढे फ्रान्सला परागंदा व्हावं लागलं. तिथेही गप्प बसला नाही, गॅस्कनीत इटालियन स्थलांतरितांची शेती सहकारी संस्था काढली.

आता आपला शिपाई. १९४४-४५ चा हिवाळा. मित्रराष्ट्रांचं सैन्य इटलीत वर सरकत रावेन्नाच्या पश्चिमेला सेनिओ नावाच्या नदीपाशी अडलं. नदी कसली, उन्हाळ्यात ओढाच म्हणा. पण आठवतंय ना, दोन्ही बाजूंना उंच बांध? जर्मनांनी त्या पूरबांधांतच बोगदे आणि मशीनगनची ठाणी खोदली होती. शेतकऱ्यांनी पाणी अडवायला रचलेली माती आता सैन्य अडवत होती. चार महिने आघाडी तिथेच.

९ एप्रिल १९४५ ला भारतीय आठव्या डिव्हिजनने नदी ओलांडली. मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई नामदेव जाधव, आपल्या नगर जिल्ह्यातला, वय २३, कंपनी कमांडरचा निरोप्या होता. गोळीबारात कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले. नामदेवने पाणी आणि सुरुंग ओलांडत आधी एकाला, मग परत जाऊन दुसऱ्याला सुरक्षित जागी नेलं. त्यानंतर एकटाच मशीनगनवर चालून गेला. हाताला गोळी लागून टॉमीगन चालेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले, ठाणी संपवली, आणि बांधावर उभा राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाल्दिनी त्याच्या महिनाभर आधीच वारला होता. पण रावेन्ना डिसेंबरमध्येच मुक्त झालं होतं, तेवढं त्याने पाहिलं.

नामदेव जाधवांच्या जिल्ह्यात काही वर्षांतच प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, म्हणून ही दोन टोकं माझ्या डोक्यात जोडली जातात. मी ज्या गावात वाढलो तिथे सकाळ कारखान्याच्या भोंग्याने व्हायची. वडिलांकडे शेअर होता, अजून आहे, कपाटात. कारखाना बंद आहे. नाव घेत नाही. त्यामुळे रावेन्नाच्या संस्था १४० वर्षं टिकल्या कशा, हा प्रश्न मी थोडा वैयक्तिक घेतो.

एक कारण मला कायद्यात सापडलं. युद्धानंतर, १९४८ च्या इटालियन राज्यघटनेत ४५ वं कलम सहकाराला खास मान्यता देतं. पुढच्या कायद्यांनी राखीव निधी अविभाज्य ठेवायला प्रोत्साहन दिलं, म्हणजे तो सभासदांत वाटता येत नाही. संस्था बंद पडली तरी उरलेली मालमत्ता सभासदांच्या खिशात जात नाही, सहकारी चळवळीच्या निधीत जाते. मग संस्था विकून कोणाला फायदाच नाही. रावेन्ना जिल्ह्यात आज अशा सात संस्था आहेत, सुमारे बारा हजार हेक्टर जमीन कसतात, आणि ती जमीन कोणा एकाची नाही. पणजोबांनी उपसलेली जमीन नातवाला विकता येत नाही, कसता येते. कायद्याने सगळं होतं असं मी म्हणत नाही, माणसंही लागतात. पण कपाटातला तो कागद पाहिला की हे कलम आठवतं.

सगळं गोड नाही हां. दलदल उपसली तेव्हा पक्ष्यांची, माशांची पाणथळं गेली. उपसलेली जमीन पंपांवर जगते, पंप बंद तर तळं. त्यात रावेन्नाच्या आसपास १९५० नंतर भूजल आणि नैसर्गिक वायू इतका ओढला की औद्योगिक भागात जमीन मीटरभराहून जास्त खचली. खचलेल्या जमिनीवर उंचावरून वाहणाऱ्या नद्या. २०२३ चा पाऊस या घडीवर पडला.

आणि मजुरी काटण्याचा खेळ? तो ठेकेदाराकडून सुपरमार्केटकडे गेला. इटलीत मोठ्या दुकानसाखळ्या दुहेरी उतरता लिलाव करायच्या: पुरवठादारांनी कमीत कमी भाव सांगायचा, मग तोच भाव सुरुवातीचा धरून पुन्हा खाली बोली. टोमॅटोच्या डब्यातून जे काटलं गेलं ते शेवटी तोडणाऱ्या हातांतून गेलं. २०१६ मध्ये मुकादमी शोषणाविरुद्ध कडक कायदा आला, २०२१ मध्ये या लिलावांवर बंदी आली. तरीही जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिनाजवळ एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. दवाखान्यात नेण्याऐवजी त्याला त्याच्या घरासमोर सोडून दिलं. दोन दिवसांनी तो गेला. लातिनाची जमीनसुद्धा दलदल उपसूनच काढलेली, १९३० च्या दशकात. तिथे हात विकणाऱ्यांच्या हातात जमीन आली नाही. ब्राच्चो म्हणजे हात, हे मी सुरुवातीला सांगितलं होतं. ती बातमी वाचल्यावर हा शब्द मला सहज उच्चारता येत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेनिओ पुन्हा बांधाबाहेर आली. आता तिथे भांडण चाललंय: बांध आणखी उंच करायचे, की नदीला पसरायला जागा सोडायची? सोडायची तर कोणाचं शेत? पैसे कोण देणार?

तुमच्या घरात कोणी आजोबा-पणजोबा इटलीच्या आघाडीवर होते का? पत्र, फोटो, ऐकलेली एखादी गोष्ट, काहीही असलं तर व्हॉइस नोट पाठवा. सेनिओचे बांध त्यांनी कसे पाहिले, ते मला ऐकायचंय.