खास नक्षीची कापडछपाई

एखाद्या कपड्यांच्या ब्रँडसाठी स्वतंत्रपणे रचून थानावर छापलेली नक्षी. पुण्याजवळच्या रहाटणी–काळेवाडी भागात ‘प्रिंटिंग’ म्हटले की आधी डोळ्यांपुढे येतो तो कंपनीचा किंवा गणेश मंडळाचा टी-शर्ट. ती छपाई शिवलेल्या कपड्यावर एका जागी होते. खास नक्षीच्या छपाईत मात्र कापड आधी छापतात, मग बेततात.

महाराष्ट्रात ठशांनी कापड छापणे हा भावसार समाजाचा पिढीजात धंदा. ठसा असो की यंत्र, नक्षीकाराची खरी कसोटी ‘रिपीट’मध्ये लागते. चित्राची वरची कड खालच्या कडेला आणि डावी उजवीला अशी मिळावी लागते की सांधा दिसू नये. कागदावर देखणे दिसणारे फूल थानभर पसरले की त्याच्या नको तिथे रांगा दिसू लागतात. म्हणून शेजारची उभी ओळ अर्ध्या रिपीटने खाली सरकवतात. यंत्रछपाईतल्या रोटरी स्क्रीनचा (जाळीदार नळकांड्याचा) परीघ सहसा 64 सेंमी. असल्याने उभा रिपीट 64, 32 किंवा 16 सेंमी. असा, त्याला पूर्ण भाग जाणारा ठेवतात. दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे रंग वाढले की खर्च वाढतो.

अशा नक्षीकामात आधुनिक चित्रकारही होते. रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे (1936–1995) 1961 पासून सुमारे दोन दशके विणकर सेवा केंद्रात होते. सुरुवातीची काही वर्षे वाराणसीत, नंतर मुंबईत.

डिजिटल छपाईत स्क्रीन लागत नाही, त्यामुळे थोडे मीटरही छापून मिळतात. घरातून ब्रँड चालवणाऱ्याला ही मोठीच सोय. मात्र शाई कापडानुसार बदलते. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह शाई. त्याआधी कापडावर सोडा, युरिया व खळ यांचा लेप, नंतर वाफ आणि धुलाई. पॉलिएस्टरला सब्लिमेशन: नक्षी कागदावर छापून सुमारे 200 अंश सेल्सिअस उष्णतेने कापडावर उतरवतात. सुतीवर हीच युक्ती केल्यास रंग टिकत नाही. संगणकाच्या पडद्यावरचा रंग कापडावर जसाच्या तसा येत नाही, म्हणून पूर्ण मागणीआधी त्याच कापडाचा नमुना छापून, धुऊन पाहतात. हे टाळणारे बहुधा पहिल्याच लॉटमध्ये पस्तावतात.

नक्षीवरील हक्काच्या बाबतीत एक गफलत सर्रास होते. नोंदणीयोग्य नक्षी न नोंदता तिच्या 50हून अधिक वस्तू मालकाकडून किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने तयार झाल्या, तर 1957च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 15 नुसार तिच्यावरील कॉपीराइट संपतो. डिझाइन कायदा, 2000 खालील नोंदणी 10 वर्षे टिकते व आणखी 5 वर्षे वाढवता येते. पण अर्ज नक्षी प्रसिद्ध होण्यापूर्वी करावा लागतो.