उत्तरेची खिडकी आणि तंबूच्या काड्या

मुंबईच्या बोरा बाजारात आज 120 सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स काही हजारांत मिळतो. त्यात विजेचा एकही भाग नसतो. बाहेरून काळं आणि आतून चंदेरी कापड, पुढे पांढरा पडदा, ताणून धरणाऱ्या काड्या आणि त्या जिथे एकत्र येतात ते धातूचं कडं, एवढाच हा ऐवज. मिटला की खांद्याच्या पिशवीत मावतो. इतकी साधी वस्तू छायाचित्रणाच्या पहिल्या दशकातच कुणाला सुचायला हवी होती. पण ती घडायला जवळपास एकशे चाळीस वर्षं गेली.

1841 च्या मार्चमध्ये रिचर्ड बिअर्ड यांनी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या गच्चीवर इंग्लंडमधला पहिला छायाचित्र-स्टुडिओ उघडला. गच्चीवर, कारण सूर्याशिवाय दुसरा प्रकाश नव्हता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून वर निळी काच बसवली होती. त्या काळच्या प्लेटवर मुख्यतः निळ्या प्रकाशाचाच परिणाम होई. त्यामुळे डोळ्यांना आराम मिळे आणि प्लेटचं फारसं काही बिघडत नसे. उन्हाला मऊ करण्याची ही सुरुवातीची खटपट.

पुढची युक्ती चित्रकारांकडून आली. युरोपात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही, नुसतं आकाश येतं. चित्रकार शतकानुशतकं अशा खोलीत माणसं बसवून चित्रं काढत. छायाचित्रकारांनी तीच खोली उचलली, तिला काचेचं छप्पर दिलं आणि छपराखाली सरकते पांढरे पडदे लावले. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून कुठला पडदा किती ओढायचा, यात त्यांचं कसब असे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. म्हणजे ही विद्या इथे फार उशिरा पोचली असं नाही. फक्त उत्तरेच्या खिडकीचा हिशेब इथे पुरता जमत नाही. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि जुलै संपत येईपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेलाच असतो. उत्तरेच्या खिडकीत तेव्हा ऊन येऊ शकतं. त्या दिवसांतले बरेचसे पावसाळ्याचे, हे नशीबच.

1887 मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची झगझगीत पूड आणली. पुढे विजेचे दिवे आले आणि छायाचित्रकार सूर्यापासून सुटला. पण मऊ प्रकाश हातचा गेला. सावली मऊ पडायची तर दिवा चेहऱ्याच्या हिशेबात मोठा दिसावा लागतो. सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटरच्या घरातला, पण इथून तो जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणून दुपारची सावली सुरीसारखी धारदार. दिव्यापुढे मोठं कापड धरलं की प्रकाशाचा उगम कापडाएवढा होतो. हे सगळ्यांना कळत होतं. अडचण उष्णतेची होती. तापलेल्या दिव्याभोवती कापडाची बंद पेटी शिवली तर ती जळणार.

यातून एक सुंदर वाट कोलकात्यात निघाली. सत्यजित राय यांच्या 1956 च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारायचा ठरलं. छायालेखक सुब्रत मित्र यांचा त्याला विरोध होता. खऱ्या चौकात वरच्या आकाशातून झिरपणारा प्रकाश स्टुडिओच्या दिव्यांनी कसा आणणार? शेवटी बन्सी चंद्रगुप्तांनी सेट उभा केला. मित्र यांनी त्यावर आकाशाच्या तुकड्यासारखं पांढरं कापड ताणलं आणि दिवे अभिनेत्यांवर न रोखता खालून त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेला प्रकाश चौकात उतरला. माझ्या मते आपल्याकडचा पहिला मोठा सॉफ्टबॉक्स हाच. फक्त त्याला पेटी नव्हती आणि तो उचलून नेता येत नव्हता.

पेटी शक्य झाली ती इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमुळे. क्षणभर लखलखणारा फ्लॅश कापडाला जाळत नाही. तरीही जाहिरातींच्या स्टुडिओत आधी आल्या त्या जडशीळ पेट्या. ब्रिटिश छायाचित्रकार त्यांतल्या मध्यम आकाराच्या पेटीला ‘फिश फ्रायर’, म्हणजे मासे तळायचं भांडं, म्हणत आणि मोठीला ‘स्विमिंग पूल’. या नावांवरूनच त्या घरी नेण्याजोग्या नव्हत्या हे समजावं.

आणि मग या कुळात एक गिर्यारोहक शिरला. टॉम फ्रॉस्ट हा स्टॅनफर्डचा इंजिनियर. 1961 मध्ये रॉयल रॉबिन्स आणि चक प्रॅट यांच्याबरोबर त्याने योसेमिटीतल्या एल कॅपिटानची सलाथे भिंत पहिल्यांदा सर केली. त्या चढाया करताना त्याने काढलेली छायाचित्रंही नावाजली गेली. पुढे इव्हॉन शुइनार्डबरोबर त्याने चढाईची साधनं बनवली: खिळा न ठोकता कपारीत अडकवायचे ठोकळे, बर्फातल्या कुऱ्हाडी. वजनातला प्रत्येक ग्रॅम मोजायची सवय लागलेला हा माणूस 1980 च्या सुमारास छायाचित्रकार गॅरी रेजेस्टरबरोबर कोलोरॅडोतल्या बोल्डरला आला आणि दोघांनी ‘किमेरा’ ही कंपनी काढली. त्यांचा सॉफ्टबॉक्स उघडून पाहिला तर गिर्यारोहकाचा तंबू लगेच ओळखू येतो. लवचीक काड्या कड्यात बसतात, वाकतात, आणि त्यांच्या ताणानेच कापड आकार धरतं. चौकट नाही, पत्रा नाही. ‘स्विमिंग पूल’ गाडीच्या डिकीत आला.

स्वस्ताई मात्र वेगळ्याच वाटेने आली. प्रत्येक फ्लॅश-कंपनीचं कडं आपलं आपलं असे, म्हणून दिवा बदलला की कडंही बदलावं लागे. इंग्लंडच्या बोवेन्स कंपनीचं तीन दातांचं एस-माउंट चिनी कारखान्यांनी उचललं आणि शेन्झेनच्या गोडॉक्ससारख्यांनी ते घरोघरी पोचवलं. 2017 मध्ये बोवेन्स कंपनी बंद पडली. तिचं कडं मात्र सगळ्यांचं झालं, आणि आज कुठलाही बोवेन्स-माउंटचा सॉफ्टबॉक्स तशाच कड्याच्या कुठल्याही दिव्यावर बसतो. अंतर्यामी तंबू आणि टोकाला सगळ्यांचा सांधा. मग भाव उतरणारच.

म्हणूनच मोठा सॉफ्टबॉक्स घेताना मी ब्रँडवर फारसा जीव टाकत नाही. मऊपणा येतो आकारातून आणि अंतरातून, आणि स्वस्तातलं 120 सेंटिमीटरही 120 सेंटिमीटरच असतं. साधारण व्यासाएवढ्या अंतरावर तो चेहऱ्यापाशी आणावा. तीन मीटर मागे नेला तर मोठं कापड घेऊन उपयोग काय? पैसे दिसतात ते इतर जागी. आतला दुसरा पडदा नसेल तर मध्यभागी झगझगीत ठिपका पडतो आणि कडा अंधाऱ्या राहतात. दुकानातच दिवा लावून पडद्याचाच एक फोटो काढावा, मोबाइलवरही कळतं. कापड पिवळट असेल तर एका दिव्यापुरतं व्हाइट बॅलन्सने भागतं, पण शेजारी दुसऱ्या कंपनीचा सॉफ्टबॉक्स आला की चेहऱ्याच्या दोन बाजूंचे दोन रंग दिसू लागतात. छत्रीसारखा उघडणारा प्रकार घ्यावा, कारण आठ काड्या एकेक करून कड्यात खोचायचा उत्साह दुसऱ्या लग्नाचे फोटो काढेपर्यंत टिकत नाही. आणि दोन पडदे प्रकाश बराच खातात, तेव्हा कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश 120 सेंटिमीटरच्या पेटीत लवकर दमतो.

150 चा मोह होतो, विशेषतः पूर्ण उंचीचे फोटो काढणाऱ्यांना. पण फ्लॅटचं छत साडेनऊ फुटांचं, म्हणजे 290 सेंटिमीटरच्या आसपास. पेटीची खालची कड छातीशी ठेवली की वरची कड छताला टेकायला आलीच. डोळ्यांवरून तिरका प्रकाश पाडायला जागाच उरत नाही. अशा खोलीत 120 चा अष्टकोनी आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी एवढं पुरे, कारण एवढं कापड नुसत्या पंख्याच्या वाऱ्यानेही कलंडतं.