डिग्ना ते जनगढ कलम : सरावाचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहेशी, माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. येथे कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवले, अशी श्रद्धा आहे. कथेच्या एका रूपात हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने मुलांना बळ येते, गुहेच्या तोंडावरची शिळा हलते आणि तिच्याखाली तो स्वतःच चिरडला जातो. उत्पत्तिकथेच्या केंद्रस्थानी कलावंताला बसवणाऱ्या या समाजाच्या चित्रकलेला आपण मात्र सहजपणे ‘उपजत’ म्हणून मोकळे होतो. हा शब्द तपासून पाहायला हवा.

गोंडांचे पिढीजात गायक म्हणजे परधान. बाना हे तंतुवाद्य वाजवत यजमानांच्या घरी देवांच्या आणि कुळांच्या कथा गाणे, ही त्यांची वृत्ती. दुसरीकडे, शेणामातीने सारवलेल्या भिंतींवर व जमिनीवर स्त्रिया डिग्ना रेखीत. ही भौमितिक आकृती सणावाराला पुसली जाई आणि पुन्हा काढली जाई. या पुनरावृत्तीतच तिचे शिक्षण होते. दुर्गाबाई व्याम यांनी ती लहानपणी आजीकडून घेतली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

1980 च्या दशकाच्या आरंभी जगदीश स्वामीनाथन यांच्या भारत भवनातील चमूला पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम या परधान तरुणाची भित्तिचित्रे दिसली. तो भोपाळला आला. भिंतीची जागा कागद-कॅनव्हासने आणि मातीच्या रंगांची जागा तयार रंगांनी घेतली. गाण्यातले देव प्रथमच चित्ररूप झाले. 1989 मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या ‘माजिसियां द ला तेर’ या प्रदर्शनात होती.

पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते त्याचे घर. गावाकडचे नातलग तेथे येत आणि जनगढने आखलेल्या आकृत्यांत ठिपके व रेघा भरत. रात्रीचा पहारेकरी म्हणून राबलेला पुतण्या भज्जू श्यामही असाच भरणीपासून शिकला. हात स्थिर झाला की प्रत्येकाने स्वतःची भरण शोधायची. आज जाणकार चित्रकार ओळखतात ते या भरणीवरूनच. सही नंतर पाहतात. अनुकरणातून निजखूण घडण्याची ही रीत आपल्या संगीतातील घराण्यांना अपरिचित नाही.

2001 साली जपानमधील एका संग्रहालयात काम करत असताना जनगढने आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आत. शैली मात्र खुंटली नाही, कारण ती एका माणसाच्या प्रतिभेपुरती उरली नव्हती; अनेक हातांच्या सवयीत ती उतरली होती. भज्जूचे ‘द लंडन जंगल बुक’ 2004 साली आले आणि 2018 साली तो पद्मश्रीचा मानकरी ठरला.

‘उपजत’ हा शब्द वरवर गौरवाचा वाटतो. प्रत्यक्षात तो आजीने गिरवून घेतलेली रेघ, गुरूच्या चित्रात भरलेले हजारो ठिपके आणि शिकवणाऱ्याचे ऋण पुसून टाकतो. अभिजात गायकाच्या बाबतीत आपण रियाज मोजतो. आदिवासी चित्रकाराच्या बाबतीत तोच शब्द वापरायला आपण का कचरतो, याचे उत्तर समीक्षेने द्यायचे आहे.