विजेच्या मीटरची जागा

घरांतील विजेचा मीटर एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर लावणें, हें काम ऐकावयास किती क्षुल्लक वाटतें! परंतु ज्यानें तें करून घेतलें आहे त्याला विचारून पाहा. अर्ज, मालकीचा कागद, घरमालकाची किंवा भाऊबंदांची संमति, परवानाधारक ठेकेदाराचा चांचणीचा दाखला, खर्चाचा अंदाज, पैसे भरल्याची पावती, आणि मग माणूस येण्याची वाट पाहणें! दोन हात अंतरासाठीं एवढा व्याप कां, याचें उत्तर कायद्याच्या कलमांपेक्षां इतिहासांत लवकर सांपडतें.

विजेचा मीटर हा आरंभीं अक्षरशः तराजूचा विषय होता. एडिसननें न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीट येथील आपलें वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजीं चालू केलें. त्याच्या ग्राहकांकडे जो मीटर असे, त्यांत जस्ताच्या क्षाराचें पाणी भरलेली बरणी व तींत जस्ताचे पत्रे असत. घरांत येणाऱ्या विजेचा अगदीं थोडा अंश त्या बरणींतून जाई व एका पत्र्यावरील जस्त सुटून दुसऱ्यावर चढे. ठराविक मुदतीनें कंपनीचा माणूस येऊन पत्रे घेऊन जाई, त्यांचें वजन करी, आणि त्यावरून बिल निघे. थंडींत बरणींतील पाणी गोठूं नये म्हणून पेटींत एक दिवाही ठेवावा लागे. ग्राहकानें त्या पेटीकडे दिवसभर टक लावून पाहिलें, तरी त्याला कांहींच कळणें शक्य नव्हतें. कंपनी सांगेल तें खरें!

ही स्थिति तबकडीच्या मीटरनें बदलली. हंगेरींतील ओटो ब्लाथी या इंजिनियरनें १८८९ सालीं प्रत्यावर्ती विजेचा जो मीटर पुढें आणला, त्याचें वजन सुमारें २३ किलो होतें. परंतु विजेच्याच चुंबकीय जोरानें फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्या फेऱ्या मोजणारीं दांत्यांचीं चाकें, ही रचना पुढें शंभराहून अधिक वर्षें टिकली. आपणांपैकीं अनेकांनी लहानपणीं काचेआड ती काळी खूण फिरून फिरून येतांना पाहिली असेल. ज्या मीटरवर ६०० हा आंकडा छापलेला असे, त्याची चकती ६०० वेळां फिरली म्हणजे एक युनिट होई. आतां घरधनी आपला हिशेब आपण पाहूं शकला. मला तर यंत्राच्या सुधारणेपेक्षां ही गोष्ट मोठी वाटते.

मात्र या मीटरचा स्वभाव फार नाजूक. चकतीचा उभा दांडा नीलम खड्याच्या बारीकशा वाटींत टेंकलेला असे. मीटर ओळंब्यांत सरळ उभा नसला, कीं चकती अडखळे, आणि वापर थोडा असतांना मोजमाप चुके. म्हणूनच मीटर हलविणें हें सुताराच्या खिळेमोळ्याचें काम नव्हतें. तराजू एका दुकानांतून दुसऱ्या दुकानांत नेऊन त्याचा कांटा पुन्हा जुळविण्यासारखें तें होतें.

आपल्याकडे कलकत्त्यास १८९९ सालीं कंपनीची वीज आली. मुंबईस वीज व ट्राम चालविणारी कंपनी १९०५ सालीं निघाली. कायदाही मागोमाग आला. एक १९०३ चा व दुसरा १९१० चा. या दुसऱ्या कायद्याचें २६ वें कलम मीटरचें. मीटर कंपनीचा भाड्यानें घ्यावा किंवा ग्राहकानें स्वतःचा आणावा. ज्याचा मीटर त्यानें तो बिनचूक ठेवावा. तंटा पडला तर सरकारी विद्युत् निरीक्षकानें निवाडा करावा. देणारा व घेणारा या दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाहीं, हें गृहीत धरूनच हें कलम लिहिलेलें आहे, आणि तें शहाणपणानें लिहिलें आहे असें मी म्हणेन.

मग मीटर कोठें असावा? तार घरांत शिरते तेथें. मीटरपर्यंतची तार कंपनीची, पुढची आपली. मीटर जितका आंत, तितकी बिनमोजणीची तार घरांत लांब. तिच्यावर आंकडा टाकण्याचा मोह होतो, आणि ती बिघडली तर घरांतील स्विच बंद करूनही ती मरत नाहीं. या कारणानें वाड्यांत मीटर देवडींत किंवा ओटीवर बसले आणि चाळींत जिन्याखालीं.

पुढें वाड्यांच्या वांटण्या झाल्या. देवडी थोरल्याकडे गेली. धाकट्याचा मीटर तिच्यांतच राहिला. फ्यूज उडाला, कीं भावाच्या दाराशीं जाऊन कडी वाजवावयाची! आमच्या आळींत दोन चुलतभावांचें बोलणें अकरा वर्षें बंद होतें, आणि त्या अकरा वर्षांत धाकट्यानें मीटर हलविण्याचा अर्ज तीनदां केला. संमतीची सही थोरल्याची लागे. ती मिळाली नाहीं. अखेर थोरल्याच्या मुलानें ती दिली, आणि एका दुपारींत काम झालें.

जिन्याखालच्या मीटरांची कथा याहून गंभीर आहे. तेथील फळ्या व तारा दोनचार दिव्यांच्या हिशेबानें बसविलेल्या. पुढें त्याच तारांवर इस्त्री, शीतकपाट, पाणी तापविण्याचें यंत्र आणि आतां वातानुकूलन येऊन बसलें. सैल सांधा तापतो, आवरण करपतें, आणि शेजारीं जुन्या खुर्च्या, रद्दी, सायकली रचलेल्या असतात. आग लहान असली तरी धूर जिन्यानेंच वर चढतो; आणि वरच्या मजल्यावरील माणसांना उतरावयास तोच एक मार्ग! मुंबईसारख्या शहरांत अशा आगी वारंवार लागल्या आहेत. मीटर हलविण्याचें याहून सबळ कारण मला दुसरें दिसत नाहीं. तरी इमारतींतील सर्वांनीं खर्चाची वर्गणी द्यावयाची म्हटलें, कीं तळमजल्यावरचे म्हणतात, आम्हांला जिना लागतच नाहीं!

२००३ सालच्या कायद्यानें मीटरशिवाय वीज देण्यास बंदी केली. परवानगीवांचून मीटर जोडणें किंवा सोडविणें हा १३८ व्या कलमाखालीं गुन्हा ठरला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. चोरीच्या झडतीविषयींही नियम आहे, कीं राहत्या घराची झडती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं घरांतील प्रौढ पुरुषाच्या उपस्थितीखेरीज घेऊं नये. (प्रौढ स्त्रीची उपस्थिति कां चालूं नये, हें कोण जाणे!) पुढें २००६ च्या नियमांत मीटर जागेबाहेरही बसविण्याची मुभा कंपनीस मिळाली, मात्र बाहेर बसविल्यास ग्राहकाच्या घरांत चालू आंकडे दाखविणारा फलक द्यावा, अशी अटही घातली गेली. मीटर बाहेर गेलेले मीं पुष्कळ पाहिले. तो फलक कोणाच्या घरीं अद्याप पाहिला नाहीं.

आंकडे घेणाऱ्या माणसाला दुपारीं दार उघडें मिळत नाहीं, हें मीटर बाहेर नेण्याचें एक मोठें कारण होतें. आतां नवे मीटर आपले आंकडे आपणच दूर पाठवितात. तो माणूस येईनासा झाला. तेव्हां उंच खांबावरील पेटींत मीटर ठेवून म्हाताऱ्या माणसाला तो वाचतां येऊं नये, याला चोरीच्या भीतीपलीकडे कोणतें कारण उरतें? पेटी डोळ्यांच्या उंचीवर, पावसापासून आडोशाला व जिन्यापासून दूर असावी, एवढें तरी ग्राहकानें अर्जांत स्पष्ट लिहावें.

आणि मीटर हलविण्याच्या दिवशीं स्वतः हजर राहावें. जुन्या जागीं शेवटचा आंकडा, नव्या जागीं पहिला आंकडा आणि नव्या सीलचा क्रमांक तेथल्या तेथें कागदावर उतरून आलेल्या माणसाची सही घ्यावी, व पुढील बिल हातीं येईल तेव्हां तें त्या कागदाशीं ताडून पाहावें.