समूहगायनाचा नेता आणि परीक्षक
महाड-पोलादपूरच्या बुवांपासून आंतरराष्ट्रीय परीक्षकमंडळापर्यंत

समूहाने गाणाऱ्यांचा जो नेता असतो, त्यालाच पुढे इतर समूहांचे गाणे तोलण्याचा अधिकार का प्राप्त व्हावा, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. युरोपात या अधिकाराची वाट आता चांगली मळलेली आहे. वृंद उभा करावा, तो स्पर्धेत उतरवावा, यश मिळवावे, शिष्य घडवावेत आणि अखेरीस देशोदेशींच्या वृंदस्पर्धांत परीक्षक म्हणून बसावे, असा तेथील वृंदसंचालकाच्या आयुष्याचा क्रम सामान्यतः दिसतो. रायगड जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत त्या अर्थाचा वृंदसंचालक नाही. परंतु समूहगायनाचा नेता तेथे आहे, चढाओढ आहे आणि निर्णयही आहे. या दोन व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्यास परीक्षकाच्या अधिकाराचे मूळ कोठे आहे, आणि त्या अधिकाराची मर्यादा कोठे लागते, हे अधिक स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न करण्याचे योजिले आहे.

आरंभी शब्दांचा विचार करणे अगत्याचे आहे. वृंदापुढे उभे राहून हाताच्या खुणांनी गाणे चालविणाऱ्या व्यक्तीस इंग्रजीत जो शब्द आहे, तो मराठीत आला खरा. पण १९४८ साली एस. टी. सुरू झाल्यापासून ‘कंडक्टर’ म्हटले की महाडच्या स्थानकावर तिकिटांची पेटी घेऊन उभा असलेला गृहस्थच डोळ्यांपुढे येतो. ‘वृंदसंचालक’ हा शब्द लेखनापुरता राहिला. बोलण्यात जिवंत असलेला शब्द ‘बुवा’ हाच होय. ख्यालगायनात भास्करबुवा बखले यांच्यासारख्यांच्या नावास लागणारे हे उपपद कोकणात भजनमंडळाच्या नेत्यासही लागते, आणि त्यात गायन, शिकवण व वडीलकी हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. गोव्यात याच स्थानी पोर्तुगीज भाषेतून आलेला ‘मेस्त’ हा शब्द आहे. चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलेखन शिकवून गायकवृंद तयार करणारा तो मेस्त. त्याच मूळ शब्दापासून मराठीत ‘मेस्त्री’ झाला, पण तो सुताराच्या आणि गवंड्याच्या हाती गेला. एकाच शब्दाने एका किनारपट्टीवर गाण्याचा आणि लाकूडकामाचा असे दोन संसार थाटावेत, ही गोष्ट भाषाभ्यासकास उद्बोधक वाटेल. समूहगायन शिकविणे हेही कारागिरीचेच काम आहे, याची साक्ष ती देते.

आता महाड-पोलादपूरकडे वळू. सावित्री नदीचे हे खोरे एका बाजूस महाबळेश्वरच्या डोंगरास भिडलेले आहे, तर दुसऱ्या बाजूस बाणकोटच्या खाडीकडे उतरते. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा हा दक्षिण भाग. येथील शेती पावसाळी आणि तुटपुंजी. त्यामुळे पुरुषांनी मुंबईच्या गिरण्यांत जावे आणि गणपतीला व शिमग्याला गावी यावे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, तरी गावाकडील ग्रामस्थ मंडळ आणि त्याच गावाचे मुंबई मंडळ ही जोडी टिकून राहिली. येथील समूहगायन या जोडीच्या आधाराने वाढलेले आहे.

त्याचे दोन प्रकार प्रमुख आहेत. पहिला बैठ्या भजनाचा. बुवा पेटी घेऊन मांडी घालून बसतात, शेजारी पखवाज, भोवती टाळकरी. बुवांनी चरण म्हणावा आणि सर्वांनी तो उचलावा. बुवांचे हात पेटीवर गुंतलेले असल्यामुळे हाताची खूण करता येत नाही. मान, नजर आणि श्वास यांनीच सर्वांना सांभाळावे लागते. दुसरा प्रकार जाखडीचा. गाणारे व वाजविणारे मध्यभागी बसतात, आणि पायांत चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. या जाखडीशी निगडित असलेला शक्ती-तुरा हा सामना आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. देशावर ज्यास कलगी-तुरा म्हणतात, त्याचेच हे कोकणी रूप. तुरेवाल्यांनी शिवाचा किंवा पुरुषाचा पक्ष घ्यावा, आणि प्रतिपक्षाने शक्तीचा किंवा मायेचा. देशावर त्या प्रतिपक्षाची ओळख ‘कलगी’ या चिन्हावरून होते, तर कोकणात प्रत्यक्ष तत्त्वाचेच नाव त्यास दिले जाते, हा भेद लक्षणीय आहे.

या सामन्यात एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने गाण्यातूनच त्याचा जबाब द्यायचा असतो. मूळ रिवाजात येथे वेगळ्या परीक्षकाची गरजच नव्हती. प्रतिपक्षास उत्तर सुचले नाही, तर तेच त्याचे गुणपत्रक. निर्णय प्रतिस्पर्धी देतो आणि श्रोते त्यावर शिक्कामोर्तब करतात. यातून शाहिराचे नाव होते, पुढील सुपारी मिळते, आणि वय झाल्यावर इतरांच्या वादात त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. टाळकरी, साथीदार, बुवा किंवा शाहीर, आणि शेवटी जाणकार, अशा या पायऱ्या आहेत. त्यांस कोणी ‘कारकीर्द’ म्हणत नाही. परंतु कारकीर्दीचे सारे घटक त्यांत आहेत.

याच्या नेमकी उलट घटना इंग्लंडात घडली. ग्रिफिथ ऱ्हिस जोन्स, ज्यांस वेल्सचे लोक ‘कॅराडॉग’ या नावाने ओळखतात, ते पेशाने लोहार होते. दक्षिण वेल्समधील खाणकामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांतून सुमारे साडेचारशे गायकांचा वृंद उभा करून ते १८७२ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धेत उतरले. त्या वर्षी त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धीच उभा राहिला नाही. तरीही वृंदाने गायिले, परीक्षकांनी ऐकले, आणि त्यांनी पसंती दिल्यावरच चषक प्रदान झाला. पुढील वर्षी, १८७३ साली, लंडनच्या एका वृंदास हरवून त्यांनी तो पुन्हा जिंकला. शक्ती-तुऱ्यात प्रतिस्पर्धी आहे आणि परीक्षक नाही. क्रिस्टल पॅलेसमध्ये परीक्षक होते आणि प्रतिस्पर्धी नव्हता. समूहगायनाच्या स्पर्धेची ही दोन टोके होत. पहिल्या टोकाशी गाणे दुसऱ्या गाण्याशी ताडून पाहिले जाते. दुसऱ्या टोकाशी ते एका अमूर्त मापाशी ताडले जाते. ते माप ज्याच्या मनात आहे तो परीक्षक, आणि म्हणूनच त्याचा अधिकार तेथे एवढा वाढला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे माप आंतरराष्ट्रीय झाले. महायुद्धानंतर १९४७ साली वेल्समधील लॅंगॉलेन येथे आंतरराष्ट्रीय गायनोत्सव सुरू झाला. १९५२ साली इटलीतील अरेत्सो येथे बहुस्वरी गायनाची स्पर्धा स्थापन झाली. १९८९ पासून निवडक स्पर्धांच्या विजेत्यांमध्ये युरोपीय महापारितोषिकासाठी दरवर्षी सामना होऊ लागला, आणि २००० साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे वृंदांचे ऑलिंपिकच भरले. त्यालाच पुढे जागतिक वृंदक्रीडा असे नाव मिळाले. एवढ्या स्पर्धांना परीक्षक लागले, आणि ते स्वाभाविकपणेच यशस्वी संचालकांतून आले.

अशा संचालकाचे आयुष्य कसे घडते हे दोन उदाहरणांवरून दिसेल. स्वीडनचे एरिक एरिक्सन (१९१८–२०१३) यांनी १९४५ साली आपला लहानसा वृंद स्थापिला, १९५१ पासून १९८२ पर्यंत स्वीडिश रेडिओच्या वृंदाचे नेतृत्व केले आणि स्टॉकहोमच्या संगीत महाविद्यालयात संचालकांच्या पिढ्या तयार केल्या. त्यांचा अधिकार मुख्यतः शिष्यपरंपरेतून पसरला. दुसरे उदाहरण आशियातील आहे, आणि आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे. फिलिपीन्सच्या आंद्रेआ व्हेनेरासिऑन (१९२८–२०१३) यांनी १९६३ साली आपल्या विद्यापीठात ‘मॅड्रिगल सिंगर्स’ हा वृंद उभारला. १९९७ साली त्या वृंदाने युरोपीय महापारितोषिक मिळविले, आणि १९९९ साली त्यांस ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान देण्यात आला. पुढे देशोदेशींच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून त्यांना सन्मानाने बोलाविले जाई. त्यांच्या वृंदाची एक विशेष रीत आहे. गायक अर्धवर्तुळात बसून गातात. समोर कोणी संचालक उभा नसतो. नेता रांगेच्या एका टोकास बसून अत्यल्प खुणांनी सर्वांना चालवितो. सावित्रीकाठच्या बैठ्या भजनाशी असलेले हे साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. दोहोंचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. व्हेनेरासिऑन यांनी ही बैठक पाश्चात्त्य मॅड्रिगल गायनातून घेतली. तथापि बसून गाणारा, हात न हलविणारा नेताही जगाच्या परीक्षकांपुढे कमी ठरत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय धर्तीच्या वृंदगायनाचे केंद्र मुंबई हेच राहिले. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ साली स्थापिलेला परंज्योती अकादमी कोरस हे त्याचे ठळक उदाहरण. १९६७ साली परंज्योती निवर्तल्यावर कूमी वाडिया यांनी त्याची धुरा हाती घेतली, वृंदास परदेशांत नेले आणि पाश्चात्त्य रचनांबरोबर भारतीय भाषांतील गीतांनाही बहुस्वरी रूपात स्थान दिले. २०२३ साली त्यांस पद्मश्री मिळाली. याच शहरात, गिरणगावाच्या चाळींत, महाड-पोलादपूरचे बुवा रात्रपाळीच्या वेळा सांभाळून भजनाच्या तालमी घेत होते. एकाच नगरीतील या दोन परंपरांचा परस्परपरिचय मात्र फारसा झाला नाही. त्याचे कारण केवळ वर्गभेद नव्हे. एकीचा आधार लिखित स्वरलिपी होता आणि दुसरीचा स्मरण.

हा भेद परीक्षणात नेमका कोठे अडतो, ते आता पाहू. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सामान्यतः स्वरशुद्धता, नादाचा दर्जा, लिखित संहितेशी इमान आणि एकंदर कलात्मक परिणाम या बाबी तोलल्या जातात. यांतील तिसरी बाब स्मरणाने गाणाऱ्या मंडळास लागूच पडत नाही, कारण येथे संहिता म्हणजे बुवांनी त्या रात्री घेतलेली चाल. त्याहून सूक्ष्म प्रश्न भाषेचा आहे. मराठी बोलताना शब्दाच्या अंती येणारा ‘अ’ आपण उच्चारीत नाही. ‘राम’ हा शब्द ‘राम्’ असाच ऐकू येतो. परंतु अभंगात प्रत्येक अक्षराचा हिशेब असल्यामुळे गाताना तोच लोपलेला ‘अ’ परत येतो आणि लांबविलाही जातो. तो कोठे आणावा आणि कोठे गाळावा, हे बुवा ठरवितात आणि वीस कंठ त्याच क्षणी तसेच करतात. या मेळाचे कौशल्य मराठी न जाणणाऱ्या परीक्षकास ऐकू येईल. पण ते कौशल्य आहे, ती सवय नव्हे, हे त्यास कळणार नाही. ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतील दोन निराळे ‘च’ एकाच वृंदातून आले, तर तो विसंवादही मानील.

ही अडचण परकीय परीक्षकापुरती आहे असे मात्र समजू नये. १९५३ साली स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने भजनस्पर्धा भरविल्या, इतर संस्थांनीही तो कित्ता गिरविला, आणि बुवा स्पर्धक व परीक्षक अशा दोन्ही भूमिकांत वावरू लागले. याने भजनास नवी शिस्त व नवा श्रोता लाभला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याबरोबर गुणपत्रक आले आणि गुणपत्रकात ‘शुद्ध उच्चार’ हा रकानाही आला. ज्या बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, त्या बोलीत वाढलेल्या टाळकऱ्याचा ‘न’ हा दोष मानावयाचा की त्याच्या मातृभाषेचा नियम? बोलीचा उच्चार नियमबद्ध असतो, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे. सर्व मंडळ एकाच पद्धतीने ‘न’ म्हणत असेल, तर तेथे सांघिक उच्चार पूर्ण साधलेला आहे. तो गुण कापणारा परीक्षक गाण्याची परीक्षा करीत नसून गाणाऱ्याच्या गावाची करीत असतो. अशा कापलेल्या गुणांचा परिणाम त्या संध्याकाळपुरता राहत नाही. पुढील वर्षी मंडळ आपली बोली घरी ठेवून मंचावर येते.

यावरून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे. समूहगायनाच्या परीक्षकाचा अधिकार नेतृत्वातून जन्मास येतो, हे वेल्स, स्वीडन, फिलिपीन्स आणि सावित्रीचे खोरे या चारही ठिकाणी सारखेच दिसते. ज्याने वीस कंठ एकत्र आणले आहेत, त्यालाच दुसऱ्याचे वीस कंठ कोठे फुटले ते कळते. मात्र हा अधिकार ज्या भाषेत कमावला, त्या भाषेपलीकडे तो आपोआप जात नाही. म्हणून परीक्षकमंडळात एक तरी व्यक्ती त्या गाण्याची बोली जाणणारी असावी, ही अपेक्षा सवलत नसून शास्त्रीय आवश्यकता आहे.

एरिक्सन आणि व्हेनेरासिऑन यांची चरित्रे सालवार उपलब्ध आहेत. आपल्या बुवांची आणि शाहिरांची मात्र बहुतांशी मंडळांच्या वह्यांत, सामन्यांच्या हस्तपत्रकांत आणि वृद्ध साथीदारांच्या स्मरणात विखुरलेली आहेत. कोणी कोणाकडून चाल घेतली, कोणत्या सामन्यात कोणता सवाल टाकला, परीक्षक म्हणून प्रथम कोठे बोलावणे आले, या प्रश्नांची उत्तरे महाड-पोलादपूरच्या गावागावांत आणि मुंबईच्या मंडळांत अजून मिळू शकतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रण-यंत्र घेऊन गणपतीच्या दिवसांत तेथे जावे. गाण्याबरोबर गाण्यामागील बोलणेही टिपावे. परीक्षणाची मराठी परिभाषा घडवावयाची झाल्यास तिचे शब्द त्याच बोलण्यात सापडतील.